वायर कुणी काढली?

१

“वायर आपोआप निघालेली नाही,” तपासनीस बाई म्हणाल्या. “हातानं काढलीय कुणीतरी.”

धाकटी बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत होती. ती घालतच राहिली. कोपऱ्याला कोपरा, मग पुन्हा कोपऱ्याला कोपरा. हात आपलं काम चोख करत होते. त्यांना अजून कुणी काही सांगितलेलं नसावं.

तिला सगळे धाकटी म्हणत. मोठी कुणी नव्हतीच, कारण मोठ्या दिरानं लग्नच केलं नव्हतं. पण सासूबाईंनी पहिल्या दिवशी धाकटी म्हणून हाक मारली आणि तेच नाव चिकटलं. आता त्या नावानं हाक मारणाऱ्या घरात एक माणूस कमी होता. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्या संध्याकाळी जंगलापलीकडच्या इस्पितळातून फोन आला, लिफ्टमध्ये पेशंट अडकलाय. तो निघाला. जंगलातल्या रस्त्यावर गाडीसमोर सांबर आलं, गाडी त्याच्यावर आदळून नाल्यात गेली, आणि लिफ्ट दुसऱ्याच कुणीतरी दुरुस्त केली.

“डबी चालू असती ना, तर आज माझा मित्र इथं बसलेला असता,” भोंगा म्हणाला आणि रुमाल डोळ्यांना लावला.

भोंगा म्हणजे नवऱ्याचा शाळेपासूनचा दोस्त. लहानपणी त्याचा आवाज तीन वर्गांत ऐकू जायचा म्हणून भोंगा. मोठा झाल्यावर त्यानं ऐकू न येणाऱ्या आवाजाचा धंदा काढला, याच्यावर नवरा नेहमी हसायचा. गाडीच्या नाकात, जाळीमागे बसवायची साबणाच्या वडीएवढी डबी. गाडी सुरू झाली की डबी बारीक आवाज काढणार. माणसाला तो ऐकू येणार नाही, जनावराला येणार, आणि ते रस्त्यातून बाजूला होणार. डबी चालू आहे हे माणसाला कळावं म्हणून तिच्यावर हिरवा दिवा. पहिल्या काही डब्यांतली एक नवऱ्याच्या गाडीला लागली होती. आता जंगलरस्त्यावरच्या सगळ्या बसगाड्यांना डब्या लावायचं घाटत होतं, आणि नेमकी डबी लावलेल्या गाडीत माणूस गेला. म्हणून विमा कंपनीनं या बाईंना धाडलं होतं.

“शिट्ट्या मारून जनावरं पळाली असती तर गुराख्यांनी काठ्या कशाला बाळगल्या असत्या?” दारात टेकून उभे असलेले मोठे दीर, म्हणजे दादा, म्हणाले. त्यांचं गॅरेज होतं. मोडकी गाडी तिथेच ताडपत्रीखाली पडली होती.

“दादा, उगाच बोलू नका. वायर निघालेली होती. आपल्यापैकी मी पहिला पोचलो तिथं, मी डोळ्यांनी पाहिलंय.”

“मग काढली कुणी? भुतानं?”

“ज्याच्या गॅरेजात गाडी यायची-जायची त्यानं सांगावं!”

“हळू,” सासूबाई म्हणाल्या. “बाळ झोपलंय.”

तपासनीस बाईंनी मान किंचित वळवून सगळ्यांकडे पाहिलं. साठीला टेकलेल्या, पायात कॅनव्हासचे बूट, उजव्या कानामागे श्रवणयंत्र. आल्या आल्या त्यांनी बजावून सांगितलं होतं, “उजवीकडून बोला. डावा कान कायमचा रजेवर गेलाय.”

“वायर काढणाऱ्याला ठाऊक होतं की डबी बंद पडेल,” त्या म्हणाल्या. “मला एवढंच हवंय. ती कुणी काढली आणि का.”

त्या खोलीत याचं उत्तर एका माणसाला माहीत होतं. धाकटीनं शेवटचं दुपटं उचललं, झटकलं, पसरलं.

वायर तिनंच काढली होती.

२

कारण अगदी साधं होतं. बाळ झोपत नव्हतं.

नवऱ्याची गाडी गल्लीत शिरली की बाळ दचकून उठायचं. इंजिनचा आवाज नव्हे. शेजारच्यांची खटारा गाडी खिडकीखाली धडधडत असली तरी ते ढिम्म हलायचं नाही. पण याची गाडी आली की दोन्ही मुठी कानांपाशी नेऊन असं रडायचं की ऐकणाऱ्याचा जीव गोळा व्हावा. सासूबाई म्हणायच्या, बापाची ओढ आहे. धाकटी काही म्हणायची नाही. तिच्याकडे बोलायला झोप शिल्लक नव्हती. पण तिनं पाहिलं होतं, गाडीचं इंजिन बंद झालं आणि नाकातला हिरवा दिवा विझला की रडणं बटण दाबल्यासारखं थांबतं.

मग एका दुपारी नवरा घोरत असताना तिनं बोनेट उघडलं, डबीची वायर ती जिथं जोडली होती त्या खटक्यातून ओढून काढली, आणि उघडं टोक कुठे टेकून ठिणगी उडू नये म्हणून त्याला चिकटपट्टी गुंडाळली. घरात हाताशी तीच होती, बाळाला लस टोचल्यावर दवाखान्यातून मिळालेली, पिवळ्या बदकांची. नवऱ्याला सांगू सांगू म्हणताना राहून गेलं. बाळ झोपायला लागलं होतं. तीही झोपायला लागली होती.

तो गेला तेव्हाही ती झोपलेलीच होती. बाळाला सासूबाईंकडे देऊन संध्याकाळी आडवी झाली, ती थेट लोकांच्या कुजबुजीनं उठली.

तेव्हापासून तिला काही वाटत नव्हतं. रडू येत नव्हतं. पाणी प्यायलं की प्यायल्यासारखं वाटायचं नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सासूबाई तेच सांगायच्या, “याला कळलं होतं हो! बाप निघाला तसं जे रडायला लागलं, गाडी कोपऱ्यावर वळेस्तोवर थांबेना. एवढासा जीव, पण कळलं त्याला.” बायका डोळे पुसायच्या. धाकटी ते इतक्यांदा ऐकून चुकली होती की ते शब्द घड्याळाच्या टिकटिकीसारखे झाले होते. चालू असतात, ऐकू येत नाहीत.

तिला दिसायचा फक्त पंख्याच्या बटणाचा फळा. त्याचं झाकण उघडून नवऱ्यानं काहीतरी दुरुस्त करायला घेतलं होतं. झाकणाचे दोन स्क्रू फळ्यावरच, भोकाशेजारी, चिकटपट्टीखाली सरळ रांगेत लावून ठेवलेले. ही त्याची जुनी खोड. लिफ्टच्या खोलीत अंधारात काम करणारा माणूस. काढलेली वस्तू काढलेल्या जागेच्या शेजारी चिकटवायची, म्हणजे परत लावताना शोधावी लागत नाही. टाकीचं बूच टाकीला, कपाटाची कडी कपाटाला. “उद्या मी आंधळा झालो तरी घर जोडून देईन,” म्हणायचा.

दादांनी परवा झाकण बसवायला हात घातला, तर ती एवढंच म्हणाली, “राहू दे.”

दुसऱ्या दिवशी दार वाजलं. तपासनीस बाई उंबऱ्यात उभ्या होत्या.

“माझ्याबरोबर येता का? मी गाड्या बघायला गेले की माणसं नेमकी डावीकडून बोलतात. मला डाव्या बाजूला एक कान लागतो.”

“मीच का?” धाकटीनं विचारलं.

“कारण काल सगळे भांडत होते,” बाई म्हणाल्या, “आणि तुम्ही एकट्याच ऐकत होता.”

३

दादांनी ताडपत्री ओढली.

धाकटीनं गाडी पहिल्यांदाच पाहिली. तिला वाटलं होतं, काहीतरी होईल. काही झालं नाही. गाडीचं नाक आत गेलं होतं, दिवे फुटले होते, बोनेट वाकून वर उचललं होतं आणि सगळीकडे नाल्याचा करडा चिखल वाळून पापुद्रे धरत होता.

“धुतली नाहीत?”

“हात लागला नाही माझा,” दादा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम लहान झाला. “भावाची गाडी आहे. कुठून सुरुवात करायची?”

“तुमचं आणि त्या डबीवाल्याचं पटत नाही.”

“त्याला मी तोंडावर सांगितलं होतं. तू खेळणी विकतोस. लोक डबीवर भरवसा ठेवतात आणि पाय जोरात दाबतात. माझ्याकडे जनावराला धडकलेल्या गाड्या येतात, त्यांत डबीवाल्या काय, बिनडबीच्या काय, नाकं सारखीच फुटलेली.”

“म्हणजे डबी बदनाम झाली तर तुम्हाला वाईट वाटणार नाही.”

“बाई, मी डबीला शिव्या देईन. भावाच्या गाडीत हात घालून वायरी नाही ओढणार.”

तपासनीस बाई टॉर्च घेऊन बोनेटखाली वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच होत्या. मग त्यांनी धाकटीला जवळ बोलावलं.

“हे बघा. इथं काय दिसतं?”

डबीच्या वायरीचं टोक लोंबत होतं. टोकाला दोन पितळी दांडे, शेजारी ज्याच्यात ते बसायचे तो खटका.

“चकचकीत आहे,” धाकटी म्हणाली.

“हं.” बाईंनी खटक्याच्या भोकांत उजेड टाकला. आतही चकचकीत. भोवती बोटभर चिखल. खटक्याच्या शेजारी, बॅटरीच्या बाजूला, चिखलाखाली काहीतरी चौकोनी होतं. त्यांनी ते रुमालानं हलकेच पुसलं, पाहिलं, आणि अंग मध्ये घालून पुन्हा ताडपत्री ओढायला सांगितलं. धाकटीला ते दिसलं नाही.

“आणखी एक,” निघता निघता त्यांनी दादांना विचारलं. “अपघात आधी कुणाला दिसला?”

“बसच्या ड्रायव्हरला. अंधारून आलं होतं. त्यानं नाल्यात गाडी पाहिली, ॲम्ब्युलन्स बोलावली आणि डबीवर छापलेल्या नंबरावर फोन लावला. तो भोंग्याचा नंबर.”

“गाडीचे दिवे तर फुटलेले. नाला रस्त्याच्या खाली. मग अंधारात त्याला गाडी दिसली कशी?”

“ते त्यालाच विचारा,” दादा म्हणाले.

४

भोंग्याचं वर्कशॉप म्हणजे एक लांबट खोली होती. भिंतीला फळ्या, फळ्यांवर डब्या, प्रत्येकीचा हिरवा दिवा विझलेला. भोंग्यानं धाकटीला पाहिलं आणि तो गडबडून उठला.

“वहिनी, तुम्ही कशाला आलात? मला बोलवायचं.”

“या माझा डावा कान आहेत,” बाई म्हणाल्या. “तुमची डबी चालते हे तुम्हाला कसं कळलं, ते सांगा.”

हा प्रश्न भोंग्याच्या आवडीचा होता. त्याचा चेहरा उजळला आणि उजळल्याची लाज वाटून पुन्हा विझला. त्यानं फोनवर चित्रफीत लावली. प्राणिसंग्रहालयातलं कुंपण, आत हरणांचा कळप चरतोय. कुंपणाबाहेर भोंगा डबी चालू करतो. सगळी हरणं एकदम माना वर करतात. कान ताठ. एकही पाय हलत नाही.

“पाहिलंत? एका झटक्यात! सगळी थबकली!”

“पळाली का?”

“घाबरली ना.”

“मी विचारलं, पळाली का?”

“कुंपणात कुठं पळणार?” भोंगा हसला. एकटाच हसला.

धाकटी त्या हरणांकडे बघत होती. माना वर, डोळे उघडे, कुठलाच पाय कुठेच टाकायचा नाही असं ठरवल्यासारखी. तिला ती ओळखीची वाटली.

“रस्त्याच्या कडेच्या ओल्या मातीत मी सांबराचे ठसे पाहिलेत,” बाई म्हणाल्या. “आधी पळतीचे आहेत, लांब लांब. मग रस्त्याला लागल्यावर चार खूर एका जागी, खोल. ते पलीकडे निघालं होतं. मध्येच थांबलं.”

“गाडीच्या उजेडानं थांबलं असेल.”

“असेल.”

“आणि डबी तर बंद होती! वायर निघालेली होती, किती वेळा सांगू?” भोंग्याचा आवाज शाळेतल्यासारखा चढला. “वहिनी, तुम्ही सांगा यांना. त्या रात्रीच नाही का मी तुम्हाला म्हणालो? म्हणालो ना, वायर निघालेली होती म्हणून?”

म्हणाला होता. इस्पितळाच्या बाकावर, तिचा हात हातात घेऊन. त्याला वाटलं असेल, सांत्वन करतोय. तिच्या कानात ते वाक्य शिरलं आणि आतून दार लावून बसलं.

“म्हणाले होते,” धाकटी म्हणाली.

“एक डबी मला द्या,” बाई म्हणाल्या. “बॅटरीवर चालेल अशी. आणि एक सांगा. हा आवाज माणसाला ऐकूच येत नाही?”

“शक्य नाही. मला येत नाही, माझ्या मित्राला... त्याला येत नव्हता, कारखान्यात कुणाला येत नाही.”

“तुमच्या कारखान्यात सगळ्यात लहान कोण?”

“मीच,” भोंगा म्हणाला. “चाळिशीचा.”

बाईंनी डबी पर्समध्ये टाकली. बाहेर आल्यावर त्या धाकटीकडे न बघता म्हणाल्या, “आता तुम्ही बोला. कालपासून तुमच्या तोंडात काहीतरी अडकलंय.”

५

रस्त्याच्या कडेला बसथांब्याचा बाक होता. धाकटी उजव्या बाजूला बसली, म्हणजे पुन्हा सांगावं लागू नये.

“वायर मी काढली.”

तिनं सगळं सांगितलं. बाळाचं रडणं, हिरवा दिवा, दुपारची झोप. भाजीची यादी सांगावी तसं सांगितलं. “यांना भावाच्या जागी मानायचा तो भोंगा, तो दादांवर आळ घेतोय. दादा त्याच्यावर. आणि मी दोघांच्या मध्ये बसून चहा देते. उद्या बाळ मोठं होईल. विचारेल, बाबा कसे गेले. मी काय सांगू? तुला झोप लागावी म्हणून?”

बाईंनी सांत्वन केलं नाही. त्यांनी विचारलं, “कशी काढलीत?”

“म्हणजे?”

“हातानं काय केलंत, ते सांगा. क्रमानं.”

“खटक्यातून ओढली. टोकाला चिकटपट्टी गुंडाळली.”

“कसली पट्टी?”

“बाळाची. बदकांची.”

तपासनीस बाई बसमधून उतरणाऱ्या माणसांकडे बघत राहिल्या. “आज आपण ते टोक पाहिलं. तुम्हीच म्हणालात, चकचकीत. पट्टी होती का त्याला?”

धाकटी आठवू लागली. डोक्यात एकेक पायरी उतरून खाली जावं लागलं, आणि खालचा दिवा बंद होता.

“नव्हती,” ती म्हणाली. “गळून पडली असेल. पाण्यात.”

“असेल. तुमचे यजमान निघाले तेव्हा तुम्ही झोपला होता. बाळ कुणाकडे होतं?”

“आईंकडे.”

“बाळ तेव्हा काय करत होतं?”

धाकटी सांगायला गेली, आणि ते घड्याळासारखे झालेले शब्द तिच्या ओठांशी येऊन थांबले.

“उद्या संध्याकाळी सगळ्यांना घरी बोलवा,” बाई उठत म्हणाल्या. “बाळ मात्र झोपलेलं हवं.”

६

बाळ सासूबाईंच्या मांडीवर झोपलं होतं, तोंड किंचित उघडं. दादा दाराशी, भोंगा खुर्चीच्या काठावर. परवासारखंच सगळं, फक्त आज धाकटीच्या हातात दुपटी नव्हती. रिकाम्या हातांचं काय करायचं ते तिला सुचत नव्हतं.

“मी थोडा वेळ गप्प बसते,” तपासनीस बाई म्हणाल्या. “तुम्हीही बसा.”

सगळे बसले. बाईंचा हात पर्समध्ये होता. खोलीत काही घडलं नाही. कुणाला काही ऐकू आलं नाही.

बाळाचं कपाळ आक्रसलं. मुठी वळल्या, कानांपाशी गेल्या, आणि त्यानं टाहो फोडला.

“अगं बाई! काय झालं रे सोन्या?” सासूबाई त्याला उचलून थोपटू लागल्या. बाईंनी हात पर्समधून बाहेर काढला. रडणं बटण दाबल्यासारखं थांबलं. त्यांनी हात पुन्हा आत नेला. बाळ पुन्हा किंचाळलं. मग त्यांनी पर्स उघडून टेबलावर ठेवली. आत डबीचा हिरवा दिवा लुकलुकत होता. त्यांनी तो विझवला.

“मोठ्या माणसाला ऐकू येत नाही,” त्या भोंग्याला म्हणाल्या. “तान्ह्या बाळाला येतं. माफ कर रे बाळा, पण माझे कान असले. म्हटलं तुझे वापरावेत.”

भोंगा डबीकडे बघत होता. सासूबाई मात्र बाळाकडे.

“हेच,” त्या हळूच म्हणाल्या. “अस्संच रडत होतं त्या संध्याकाळी. हेच रडणं.”

“तेव्हा तुम्ही काय पाहिलंत, आजी?”

“तो घाईत खाली गेला. गाडी सुरू केली, मग उतरला. बोनेट उघडून काहीतरी बघितलं, पाणीबिणी असेल. बोनेट पडलं आणि हे रडायला लागलं ते गाडी वळेपर्यंत.”

“पाणी नव्हे,” बाई म्हणाल्या. “अंधारायला आलं होतं. एरवी जाळीत दिसणारा हिरवा दिवा दिसला नाही. त्यांनी बोनेट उघडलं, निघालेली वायर पाहिली आणि पुन्हा लावली.”

“निघालेली? पण कुणी...” दादा म्हणाले.

“मी,” धाकटी म्हणाली. “मी काढली होती. बाळ झोपत नव्हतं.”

सासूबाईंचा थोपटणारा हात थांबला, आणि मग पुन्हा थोपटू लागला.

“त्यांनी ती लावली, म्हणजे डबी चालू होती,” बाई पुढे म्हणाल्या. “गाडी नाल्यात गेली तेव्हाही चालू होती. इंजिनमध्ये फटीफटीत चिखल आहे. त्या वायरीच्या दांड्यांवर नाही, खटक्याच्या भोकांतही नाही. चिखल आत आला तेव्हा दोन्ही एकमेकांत घट्ट बसलेले होते. वायर निघाली ती अपघातानंतर. दादांच्या गॅरेजात म्हणाल, तर नाही. कारण गाडी तिथं सकाळी पोचली, आणि वायर निघाली असल्याचं या वहिनींना आदल्या रात्रीच सांगितलं गेलं होतं.”

“मी पोचलो तेव्हा निघालेलीच होती,” भोंगा म्हणाला. पण यावेळी त्याचा आवाज दारापर्यंतही गेला नसता.

“आज मी बसच्या ड्रायव्हरला भेटले. विचारलं, अंधारात नाल्यातली गाडी दिसली कशी? तो म्हणाला, गाडी कुठली दिसतेय. खाली हिरवं काहीतरी लुकलुकत होतं. काजवा म्हणावा तर एका जागी. म्हणून थांबलो. त्याच्या नंतर गाडीजवळ गेलात ते तुम्ही.”

दादा दारापासून हलले. धाकटी मध्ये उभी राहिली. कधी उठली ते तिला कळलं नाही.

“तो गेलेला होता, वहिनी,” भोंगा म्हणाला. “खरंच गेलेला होता. मी हात धरून पाहिला. आणि ती डबी... वाकलेल्या बोनेटखालून उजेड आत यायचा, त्याचं तोंड त्यात सारखं हिरवं व्हायचं, विझायचं, हिरवं व्हायचं. चालू होती ना ती. माझी डबी. सगळं नीट चालू होतं. मला ते बघवेना. विझवायला म्हणून ओढली.” त्यानं नाक पुसलं. “बसगाड्यांचं मनात नंतर आलं. तोवर मी सांगून बसलो होतो.”

“थबकणं म्हणजे पळणं नव्हे,” बाई म्हणाल्या. “कुंपणातल्या हरणांनी तुम्हाला तेच दाखवलं होतं. अनोळखी आवाज आला की ती उभी राहतात आणि ऐकतात. रस्त्यावर उभं राहून ऐकायला वेळ नसतो.”

“आणि मला वाटत होतं...” धाकटीनं वाक्य सोडून दिलं.

“काढली असतीत, नसतीत, ते सांबर आलंच असतं. फार तर एवढंच म्हणेन, तुम्ही काढलेली वायर तशीच राहिली असती, तर ते कदाचित पलीकडे निघून गेलं असतं. कदाचित. पण ती तुम्ही काढलीही होती, आणि ती लागलीही होती. त्यात तुमचा हिस्सा एका झोपेएवढा आहे. त्यापलीकडे तुमचं काही नाही.”

“ती पट्टी?” धाकटीनं विचारलं. “गळाली असेल तर हे सगळं चूक. त्यांनीच लावली हे कशावरून?”

बाईंनी पर्समधून कागदाची घडी काढली.

७

घडीत चिखलाचे डाग पडलेली चिकटपट्टी होती, पिवळ्या बदकांची.

“खटक्याच्या शेजारी होती, बॅटरीच्या अंगाला. गळालेली नव्हती. चारही कोपरे दाबून, सरळ लावलेली. मला वाटलं गॅरेजवाल्यांचं काही असेल. मग पहिल्या दिवशी इथं बसले होते तेव्हाचा तो पंख्याचा फळा आठवला, आणि आज जाऊन ती काढून आणली.”

सगळ्यांनी फळ्याकडे पाहिलं. दोन स्क्रू, पट्टीखाली, भोकाशेजारी.

काढलेली वस्तू काढलेल्या जागेच्या शेजारी. परत लावताना शोधावी लागत नाही.

म्हणजे त्याला कळलं होतं. बदकं पाहिली आणि कुणी, का, सगळं कळलं. रागावला असता तर चुरगळून फेकली असती. त्यानं ती जपून चिकटवली. जंगलातून परत आला असता तर गल्लीच्या कोपऱ्यावर उतरला असता, वायर काढली असती आणि तीच पट्टी पुन्हा गुंडाळून, हिरवा दिवा विझवून, घरी आला असता.

तपासनीस बाई पट्टी टेबलावरच ठेवून गेल्या. जाताना त्यांनी धाकटीच्या खांद्याला हात लावला, तोही उजवीकडूनच. दादा कोपऱ्यातली अवजारांची पेटी उचलून भोंग्याला म्हणाले, “चल. ज्या ज्या गाडीला डब्या लावल्यात, त्यांची नावं सांग. मी उघडतो, तू काढ.” मारतील असं वाटलं होतं, पण त्यांनी फक्त पेटीचं जड टोक त्याच्या हातात दिलं. भोंगा मागोमाग गेला.

घरात दोघी उरल्या, आणि बाळ.

“मला सांगायचंस ना गं,” सासूबाई म्हणाल्या. “मी स्वतः काढली असती. माझीही कुठं झोप होत होती?”

धाकटीनं मान हलवली.

“म्हणजे याला काही कळलं नव्हतं तर,” सासूबाई बाळाच्या कपाळावरून बोट फिरवत राहिल्या. “मी आपली सगळ्यांना सांगत सुटले.”

“नाही आई. कळलं नव्हतं. नुसतं ऐकू आलं होतं.”

“बरं झालं,” सासूबाई म्हणाल्या. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, “बरंच झालं. एवढ्याशा जिवाला कशाला कळायला हवं?”

बाहेर शेजारच्यांची खटारा गाडी धडधडत गेली. बाळ ढिम्म हललं नाही.

धाकटीनं ड्रॉवरमधून स्क्रूड्रायव्हर आणला. खुर्ची ओढली, वर चढली. पट्टीचा एक कोपरा नखानं उचलला, पहिला स्क्रू तळहातावर घेतला. झाकण धरलं, स्क्रू भोकात ठेवला आणि पिळत गेली, तो घट्ट बसेपर्यंत. मग दुसऱ्याकडे पाहिलं.

तो तिनं काढला नाही. उचललेला कोपरा परत दाबून बसवला, आणि त्याच्या शेजारी बदकांची पट्टी लावली. सरळ. चारही कोपरे दाबून.